पांढरं अस्वल बघायला जावं का? (भाग ४१, शब्दांकन)

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि खोकला काढलाय. सर्दी अजून गेलेली नाही.)



आजचा विषय तुमच्यामुळेच आलाय. मी विनिपेगला राहतो हे कळल्यापासून दर दिवाळीच्या सुमारास दोन-तीन मेसेज ठरलेले असतात. "तुमच्याकडे ती पोलर बेअरची टूर असते ना, किती खर्च येतो? पैसे वसूल होतात का?" या वेळी तर पुण्यातल्या माझ्या जुन्या टीममधल्या एका मित्राने एक्सेल शीटच पाठवली. सहा जण, मुंबईहून विमान, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. एका माणसाचा आकडा बघून मलाच घाम फुटला. खाली एक ओळ होती, "भावा, जरा रिव्ह्यू कर." म्हटलं एकट्याला उत्तर देण्यापेक्षा भागच करून टाकू.

मी स्वतः गेल्या नोव्हेंबरात जाऊन आलोय. त्यामुळे पाहिलेलं सांगेन, वाचलेलं सांगेन, आणि मत मध्येमध्ये येत राहील. मला ते शेवटपर्यंत धरून ठेवता येत नाही.

आधी गाव समजून घेऊ. चर्चिल. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या वरच्या टोकाला, हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या ८७०. आपल्याकडे एवढी माणसं एका सोसायटीत राहतात आणि पार्किंगवरून भांडतात. गंमत म्हणजे हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या आत नाहीच. नकाशावर बघाल तर स्वीडनच्या स्टॉकहोमपेक्षा जरासं खालीच येतं. पण हडसन बे हिवाळाभर गोठतो, म्हणून एवढ्या दक्षिणेला ध्रुवीय अस्वलं आहेत.

गावाला रस्ता नाही. म्हणजे गावात रस्ते आहेत, पण बाहेरच्या जगाशी जोडणारा एकही नाही. विनिपेगहून विमानाने अडीच तासांच्या आसपास, नाहीतर आठवड्यातून दोनदा सुटणारी रेल्वे. सुमारे १७०० किलोमीटर, दोन रात्री. पुणे-दिल्लीपेक्षा अंतर थोडंच जास्त आणि वेळ जवळपास दुप्पट. शेवटचा टप्पा दलदल आणि कायम गोठलेल्या जमिनीवर टाकलेला आहे, ती जमीन खचते, हलते, त्यामुळे गाडी रमतगमत जाते. २०१७ च्या वसंतात पुराने हा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि गाव जवळपास दीड वर्ष रेल्वेशिवाय होतं. भाजी, डिझेल, बांधकामाचं सामान, सगळं विमानाने किंवा जहाजाने.

मी रेल्वेने गेलो. दुसऱ्या दिवशी खिडकीतून झाडं बुटकी होताना दिसायला लागतात. मग अशी झाडं येतात ज्यांना एकाच बाजूला फांद्या असतात, कारण दुसऱ्या बाजूच्या वाऱ्याने झिजून गेलेल्या असतात. शेजारच्या सीटवरच्या आजी चर्चिलच्याच होत्या. मी अस्वलं बघायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि बाकीचं वर्ष आम्ही काय करतो, ते नाही बघायचं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

आता मुख्य गोष्ट. पोलर बेअरचं खरं घर जमीन नाही, समुद्रावरचा बर्फ आहे. त्याचं अन्न म्हणजे सील, त्यातही रिंग्ड सील जास्त. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो आणि अस्वल तिथे दबा धरून बसलेलं असतं. बर्फ नसेल तर उघड्या पाण्यात सीलला गाठणं अस्वलाला जवळपास जमत नाही. वसंतात सीलची पिल्लं असतात, चरबीने गच्च भरलेली. त्या थोड्या आठवड्यांत अस्वल वर्षाची कमाई करून घेतं.

हडसन बेचं वैशिष्ट्य असं की उन्हाळ्यात तो पूर्ण वितळतो. साधारण जुलैत अस्वलं किनाऱ्याला लागतात आणि नोव्हेंबरात पुन्हा बर्फ धरेपर्यंत जमिनीवरच राहतात. मग चर्चिलजवळच एवढी गर्दी का? नदीचं गोडं पाणी इथे समुद्रात येतं आणि गोडं पाणी खाऱ्याच्या आधी गोठतं. शिवाय वारा आणि प्रवाह बर्फ याच किनाऱ्याकडे ढकलतात. म्हणजे दुकान सगळ्यात आधी उघडतं ते इथे, म्हणून रांग इथे.

हे नीट लक्षात घ्या, कारण टूरच्या जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात नसतं. आपण ज्याला 'सीझन' म्हणतो, ऑक्टोबर-नोव्हेंबर, तो अस्वलांच्या उपासाचा शेवटचा भाग असतो. चार-साडेचार महिने न जेवलेला प्राणी किनाऱ्यावर येऊन बर्फाची वाट बघत बसतो आणि आपण त्याची ती वाट बघणं तिकीट काढून बघतो. उपास म्हणजे खरा उपास हं, आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी आणि वर दाण्याची आमटी नव्हे. गरोदर मादीचा तर आठ महिन्यांपर्यंत जातो. ती उन्हाळ्यात बर्फावरून उतरते, बिळात जाते, तिथे पिल्लांना जन्म देते, दूध पाजते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर पडून मग कुठे शिकारीला जाते.

लोक विचारतात की जमिनीवर काहीच खात नाहीत का. खातात. याच भागातल्या २० अस्वलांच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी कॅमेरा आणि जीपीएस असलेले पट्टे घातले होते, तीन-तीन आठवडे. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओत अस्वलं बेरीज खाताना दिसतात, गवत, पक्षी, जुनी हाडं, सांबरासारख्या कॅरिबूची शिंगंसुद्धा चघळतात. काही जण लांबवर पोहतात. काही नुसती पडून राहतात, अगदी शीतनिद्रेत असल्यासारखी. निकाल काय? २० पैकी १९ अस्वलांचं वजन उतरलं, सरासरी दिवसाला एक किलो. बेरीज शोधत फिरण्यात जेवढं खर्च झालं, तेवढंच मिळालं. म्हणजे हिंडलेली आणि झोपलेली, दोन्हींचा हिशोब सारखाच. ज्या एकाचं वजन वाढलं त्याला जमिनीवर सागरी प्राण्याचं मढं सापडलं होतं. ती लॉटरी.

मला हा अभ्यास इतका आवडतो की मित्रांना कंटाळा येईपर्यंत सांगतो. कारण यामुळे माझं अस्वलाकडे बघणं बदललं. टंड्रा बगीत बसलो होतो तेव्हा पहिलं अस्वल दिसलं ते विलोच्या झुडपात झोपलेलं. बगी म्हणजे बससारखी मोठी गाडी, टायर माझ्या खांद्याएवढे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आम्ही सगळे खिडकीला नाक लावून. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. अस्वलाने एकदा पंजा नाकावर घेतला, तेवढंच. मागून एक काका म्हणाले, "काही करणार आहे का ते?" गाइड म्हणाली, "तेच तर करतंय." फोन दोन टक्क्यांवर आलाय आणि चार्जर चार तासांच्या अंतरावर आहे, तेव्हा आपण स्क्रीन बंद करून खिशात ठेवतो ना, तेच ते. त्या प्राण्याच्या दृष्टीने दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम चाललं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग झोपलेलं अस्वल बघायला एवढे पैसे? थांबा, दुपारी एक आलं. मोठा नर. बगीच्या मागच्या बाजूला एक उघडा डेक असतो आणि त्याची जमीन लोखंडी जाळीची असते. ते अस्वल सरळ डेकखाली आलं आणि जाळीतून वर हुंगायला लागलं. माझ्या बुटाखाली. त्याच्या श्वासाची वाफ जाळीतून वर येत होती. डेकवर कुणीच बोलत नव्हतं, फोटोसुद्धा फारसे निघाले नाहीत. खोटं कशाला बोलू, जन्मात विसरणार नाही. म्हणून जे लोक "यूट्यूबवर बघा, तेच ते" म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही. तेच ते नाहीये.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की त्या अस्वलाला गाडीची भीती उरलेली नाही. तिथली सगळी व्यवस्था उभी आहे ती या एका गोष्टीवर.

थोडा इतिहास सांगतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने इथे तळ उभारला. आज बग्या ज्या वाटांवरून जातात त्यातल्या बऱ्याच वाटा सैन्याच्या रणगाड्यांनी आणि गाड्यांनी पाडलेल्या आहेत. सैन्य गेलं, पण कचराडेपो राहिला. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथलं 'बेअर व्ह्यूइंग' म्हणजे गाडी काढायची आणि कचराडेपोवर जायचं. अस्वलं जळक्या कचऱ्यातून अन्न उकरत असायची आणि लोक काचा वर करून बघायचे. पहिली टंड्रा बगी १९७९ च्या सुमारास एका स्थानिक माणसाने जोडजाड करून बनवली. आज या संरक्षित किनाऱ्यावर चालवायच्या गाड्यांचे परवाने फक्त १८ आहेत आणि ते दोनच कंपन्यांकडे आहेत. वाटा ठरलेल्या. वाट सोडून टंड्रावर गाडी घालता येत नाही. अस्वलाला खायला घालणं, आमिष दाखवणं बेकायदा. कचराडेपो २००५ च्या सुमारास बंद झाला, आता कचरा एका बंदिस्त इमारतीत ठेवतात.

१८ हा आकडा ऐकून माझ्या डोळ्यासमोर लगेच आपलं उमरेड-करहांडला आलं. २०२४ च्या ३१ डिसेंबरला तिथे जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तिकडे काय आणि इकडे काय, गाइडवर दबाव एकच असतो: मागे बसलेल्या पाहुण्याने पैसे भरलेत, त्याला 'साइटिंग' पाहिजे. माझ्या बगीत एक जण ड्रायव्हरला "अजून थोडं पुढे घ्या ना" म्हणाला. ड्रायव्हरने मागे वळूनही न बघता सांगितलं, "त्याला यायचं असेल तर तो येईल." चांगली टूर आणि वाईट टूर यातला फरक मला त्या वाक्यात दिसला. बुकिंग करताना कंपनीला हाच प्रश्न विचारा: अस्वल लांब असेल तर तुम्ही काय करता? "आम्ही नेतो ना जवळ" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

नॉर्वेने तर स्वालबार्डमध्ये हे ग्राहकाच्या आणि गाइडच्या हातात ठेवलंच नाही. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहावं लागतं आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. टूरवाल्यांनी खूप आरडाओरड केली. मला तो नियम पटतो. वसंत म्हणजे अस्वलाचा कमाईचा काळ, तेव्हा ते भोकाशी दबा धरून बसलेलं असताना बोटीतून वीस जण कॅमेरे घेऊन आले तर त्याची शिकार गेली. चर्चिलमध्ये नोव्हेंबरात अस्वल शिकार करतच नसतं, त्यामुळे तिथे जवळ जाण्याचं नुकसान त्या मानाने कमी. 'त्या मानाने' हा शब्द सोडू नका.

गावाकडे येऊ. चर्चिलमध्ये अस्वल दिसलं तर फोन करायला वेगळी हेल्पलाइन आहे, नंबरात 'बेअर' अशी अक्षरं बसवलेली. फोन आला की वनाधिकारी येतात, आधी फटाक्यासारखी आवाजाची काडतुसं उडवून पळवायचा प्रयत्न करतात. नाहीच गेलं तर मोठ्या नळासारखा पिंजरा लावतात. पकडलेलं अस्वल ठेवायला जागा आहे, तिला सगळे 'पोलर बेअर जेल' म्हणतात. सैन्याच्या जुन्या इमारतीत २८ कोठड्या. तिथे अस्वलाला पाणी देतात, खायला देत नाहीत. ऐकायला क्रूर वाटतं, पण एकदा का 'माणसं म्हणजे जेवण' हे डोक्यात बसलं की त्या अस्वलाचं पुढे गोळीशिवाय दुसरं काही होत नाही. काही आठवड्यांनी हेलिकॉप्टरला जाळीत लटकवून उत्तरेला सोडून येतात, नाहीतर बर्फ धरला की सोडतात. पर्यटकांना आत प्रवेश नाही. बाहेर फोटो काढता येतो, मीही काढला.

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा जागा झाला, माफ करा. पोलर बेअर्स इंटरनॅशनल नावाची संस्था इथे रडारवर काम करतेय. अंधारात, बर्फवृष्टीत कॅमेऱ्याला काही दिसत नाही, रडारला दिसतं. पण रडारला कॅरिबू, कोल्हा, स्नोमोबिल, माणूस, सगळेच ठिपके. मग मॉडेल ट्रेन करायचं, कुठला ठिपका अस्वलासारखा चालतो ते ओळखायला. चार वेळा खोटा अलार्म वाजला की पाचव्या वेळी कुणी उठत नाही, हे ऑन-कॉल केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. फरक एवढाच की आमच्याकडे पाचव्या वेळी सर्व्हर पडतो.

१९८३ मध्ये इथे एक माणूस अस्वलाच्या हल्ल्यात मेला. जळालेल्या हॉटेलात शिरून त्याने मांस खिशात भरलं होतं. त्यानंतर चर्चिलमध्ये हल्ले झालेत, २०१३ च्या हॅलोविननंतरच्या पहाटेचा तर फार वाईट होता, पण मृत्यू झालेला नाही. शेकडो अस्वलं आणि हजारो पाहुणे एकाच किनाऱ्यावर असताना हे सोपं नाही. हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात तेव्हा गावाभोवती पहाऱ्याच्या गाड्या उभ्या असतात, त्याआधी हेलिकॉप्टरने परिसर बघून घेतात.

आता किनाऱ्याने अडीचशे किलोमीटरहून थोडं जास्त उत्तरेला जा. आर्विआट नावाचं इनुइट लोकांचं गाव आहे, नुनावुटमध्ये. अस्वलं तीच. चर्चिलहून वर सरकत तिकडे जातात. तिथे २०१४ मध्ये हॅलोविन रस्त्यावरून उचलून गावाच्या हॉलमध्ये नेलं, कारण मुलांना बाहेर सोडणं धोक्याचं झालं होतं. २०१८ च्या जुलैत त्या गावाजवळच्या बेटावर मुलांना वाचवताना एका बापाचा अस्वलाने जीव घेतला. तिथल्या लोकांचं म्हणणं आहे की अस्वलं कमी झाली वगैरे आम्हाला सांगू नका, आमच्या दारात पूर्वीपेक्षा जास्त येतात. आणि चर्चिलच्या गाड्यांना, माणसांना सरावलेली अस्वलं मग आमच्याकडे येतात. शास्त्रज्ञ म्हणतात की अस्वलं जमिनीवर जास्त दिवस राहायला लागली आहेत म्हणून जास्त दिसतात. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. पण डेकवर माझ्या बुटाखाली हुंगणारं ते निवांत अस्वल डिसेंबरात कुणाच्या दारात उभं असेल, हा विचार टूरच्या फोटोत येत नाही.

आकडे सांगतो, थोडेच. या पश्चिम हडसन बेच्या अस्वलांची संख्या ऐंशीच्या दशकात १२०० च्या आसपास धरली जायची. २०११ च्या हवाई मोजणीत ९४९, २०१६ मध्ये ८४२, २०२१ मध्ये ६१८. प्रत्येक आकड्याला वरखाली बरीच सूट असते, काही अस्वलं शेजारच्या भागात सरकली असतील, हे मोजणारेच सांगतात. तरी उतार दिसतोच. ऐंशीच्या दशकाच्या तुलनेत बर्फाशिवायचे दिवस साधारण तीन आठवड्यांनी वाढलेत. दिवसाला एक किलो हा आकडा आठवतोय ना? तीन आठवडे म्हणजे वीस किलो. मोठ्या नराला ते पेलतं. पिल्लाला दूध पाजणाऱ्या मादीला त्यात आधी दूध कमी करावं लागतं.

आणि इथे मला या धंद्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट दिसते. बर्फ उशिरा धरला की अस्वलं किनाऱ्यावर जास्त दिवस थांबतात. म्हणजे सीझन लांबतो, बुकिंगच्या तारखा वाढतात. धंद्याला काही वर्षं बरं आणि अस्वलाला वाईट, दोन्ही एकाच कारणाने. आणि मग एक दिवस दोन्ही संपतं. टूरवाल्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही, माझ्या गाइडने स्वतःच ते बोलून दाखवलं. एका कंपनीने २०२१ मध्ये विजेवर चालणारी बगीही आणली. चांगलंच आहे, इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. पण या सगळ्या सहलीचा धूर बगीतून येतच नाही, तो येतो विमानातून.

आता मित्राच्या एक्सेल शीटकडे. मुंबई-विनिपेग जाऊन-येऊन, वर चर्चिलचं विमान, इकॉनॉमी क्लास. माणशी ढोबळमानाने अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरा. आपल्याकडे एका माणसाचं अख्ख्या वर्षाचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. २०१६ मध्ये डिर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये एक फार साधा हिशोब मांडला होता: एक टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकमधला सप्टेंबर महिन्यातला सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातो. हा पूर्ण आर्क्टिकचा हिशोब आहे, हडसन बेचा वेगळा नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये येईलच. सहा मित्र, पंधरा टन, पंचेचाळीस चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ ४८५ स्क्वेअर फूट. पुण्यात एवढ्या कार्पेट एरियाला वन बीएचके म्हणतात. बर्फावर राहणारा प्राणी बघायला सहा जण येणार आणि बर्फाचा एक फ्लॅट जाणार.

'लास्ट चान्स टूरिझम' असा शब्दच आहे याला. संपण्याआधी बघून घ्या. चर्चिलच्या पाहुण्यांवर संशोधकांनी काम केलंय, २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. हवामान बदलतंय आणि अस्वलांना त्रास होतोय हे बहुतेकांना मान्य होतं. त्या मानाने आपण ज्या विमानाने आलो त्याचा याच्याशी संबंध आहे, हे मानणारे कमी होते. टूर कंपन्या म्हणतात की बघून गेलेला माणूस घरी जाऊन बदलतो, इतरांना सांगतो. असेल. मी सांगतोच आहे की आत्ता. पण विमान चुकतं करण्याइतकं मी बदललोय का, हे मला सिद्ध करता येणार नाही आणि त्या काकांनाही येणार नाही.

मग कुणीच जाऊ नये का? इथे मला रेल्वेतल्या आजी आठवतात. चर्चिलला रेल्वे आली १९२९ मध्ये, बंदर सुरू झालं १९३१ मध्ये, प्रेअरीचा गहू बाहेर न्यायला. सैन्य आलं आणि गेलं. २०१६ मध्ये बंदरातून धान्य जाणं थांबलं, पुढच्या वर्षी रूळ वाहून गेले. बंदर आणि रेल्वे दोन्ही नंतर पुन्हा सुरू झाली, पण त्या दिवसांत गावात पैसा आणत होते ते विमानाने येणारे पाहुणे. गावातली निम्म्याहून जास्त माणसं मूळ रहिवासी, क्री, डेने, मेटी, इनुइट. आणि या गावाने सायिसी डेने लोकांचं फार वाईट बघितलंय. सरकारने १९५६ मध्ये त्यांना त्यांच्या भागातून उचलून चर्चिलला आणून टाकलं. कॅरिबूच्या शिकारीवर जगणारी माणसं, त्यांना शहराच्या कडेला झोपड्यांत. कितीतरी माणसं तिथे मेली. उरलेले १९७३ मध्ये टाडूल लेकला निघून गेले. सरकारने माफी मागितली ती २०१६ मध्ये. चर्चिलला त्यांचं स्मारक आहे, माझ्या टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. मी चालत जाऊन, म्हणजे दिवसाउजेडी आणि विचारून, बघून आलो. गाव म्हणजे अस्वलांमागचं पडद्याचं चित्र नव्हे, एवढं तरी बाहेरून आलेल्याने लक्षात ठेवावं.

तर माझं उत्तर. मित्राला मी काल फोनवर सांगितलं, फक्त याच्यासाठी मुंबईहून येऊ नका. तो थोडा चिडला. "तू जाऊन आलास आणि आम्हाला नको म्हणतोस." बरोबर आहे त्याचं. माझं घर या रेल्वेच्या सुरुवातीच्या स्टेशनपासून वीस मिनिटांवर आहे, हे माझं कर्तृत्व नाही. पण हिशोब तरी तोच येतो. जे कॅनडात किंवा अमेरिकेत आधीच आहेत त्यांनी जावं, जमलं तर रेल्वेने, आणि दोन दिवसांत उरकून न पळता चार-पाच दिवस राहावं. सुट्टी नाही म्हणू नका, शिकागोचे लोक लास वेगासला चार दिवस जातातच.

माझे आई-बाबा पुढच्या उन्हाळ्यात दोन महिने येणार आहेत, ते तसेही येणारच होते. त्यांना मी जुलैअखेर रेल्वेने घेऊन जाणार आहे. तेव्हा चर्चिल नदीच्या मुखाशी हजारो पांढरे बेलुगा देवमासे येतात, आणि अस्वलंही नुकतीच किनाऱ्याला लागलेली असतात, धष्टपुष्ट, हिरव्या गवतात. नोव्हेंबरसारखी हमखास दिसतील असं नाही. बाबांची पहिली शंका होती की दोन रात्री रेल्वेत जेवणाचं काय. आई म्हणाली, दशम्या करू.

आणि ज्यांना पुण्यात-नाशकात बसून बघायचंय त्यांच्यासाठी. पोलर बेअर्स इंटरनॅशनल आणि एक्सप्लोअर डॉट ऑर्ग हे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एका बगीवरून लाइव्ह कॅमेरा चालवतात, फुकट. मी मघाशी म्हणालो की ते तेच ते नाही, आणि नाहीच आहे. पण त्यात कुणी संपादन केलेलं नसतं, त्यामुळे अस्वल खरंच दिवसभर काय करतं ते कळतं. वेळेचा हिशोब: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची घड्याळं मागे जातात. त्यानंतर चर्चिलचे सकाळचे आठ म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. त्याआधी साडेसहा. दुपारी चारनंतर तिकडे उजेड जातो. जेवताना टीव्हीवर लावून ठेवा. बराच वेळ नुसतं गवत, दगड आणि वारा दिसेल. एखादा पांढरा दगड फार वेळाने पंजा हलवतो.

पुढच्या भागात घरून काम करणाऱ्यांच्या पाठदुखीवर बोलू, त्यावरही खूप मेसेज आलेत. चला, भेटू.